मताच्या पोटातलं मत

विधानसभेला परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या मतदाराच्या बोटाला एकदा शाई लागते, पण त्याचं मत तिथंच संपत नाही. पालम गंगाखेड मतदारसंघात येतं, आणि तिथला आमदार पुढं मुंबईत राज्यसभेसाठी मत देतो. तिथं यंत्र नसतं. छापील मतपत्रिका, निवडणूक आयोगानं दिलेला जांभळा स्केचपेन, आणि नावांसमोर १, २, ३ असा आकड्यांत लिहायचा पसंतीक्रम.

निवडलेल्यांनी पुढं निवडण्याच्या या रीतीचं आपल्याकडचं कूळ १८९२ च्या कौन्सिल कायद्यात सापडतं. त्याआधी सरकार नेमील तोच कायदे कौन्सिलात जाई. मुंबईतले वकील रावसाहेब मंडलिक १८७४ मध्ये मुंबईच्या आणि १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले ते नेमणुकीनंच. नव्या कायद्यानंही ‘निवडणूक’ हा शब्द कसोशीनं टाळला. संस्थांनी नाव सुचवायचं, नेमायचं सरकारनं. लोकांनी मात्र या शिफारशीला निवडणूकच मानलं, आणि या कथेतली मोठी गोष्ट मला हीच वाटते. मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी फिरोजशहा मेहतांना व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पाठवलं. पुढं त्याच वाटेनं गोपाळ कृष्ण गोखले गेले. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलात गेले ते मध्य विभागातल्या लोकल बोर्डांच्या मतांवर. आज पालमचे नगरसेवक परभणी-हिंगोलीतून विधान परिषदेसाठी मत देतात, त्याची मुळं तिथंच आहेत.

अमेरिकेतही सिनेटर राज्याचं विधिमंडळच निवडी. १८५८ मध्ये लिंकन आणि डग्लस यांच्या सभा गावोगाव गाजल्या, पण निकाल लागला इलिनॉयच्या विधिमंडळात, १८५९ च्या जानेवारीत: डग्लस ५४, लिंकन ४६. १९१३ मध्ये अमेरिकेनं ही रीत मोडली. आपण ती घटनेच्या ८० व्या कलमात ठेवली.

१८९२ च्या कायद्याच्या वेळी पालम निजामाच्या राज्यात होतं. इथल्या माणसाचं मत राज्यसभेपर्यंत पोचलं ते थेट १९५२ मध्ये, हैदराबाद विधानसभेमार्फत. १९५६ नंतर मुंबईमार्फत.

२००३ पासून हे मत उघडं झालं. पक्षाच्या आमदारानं मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, नाही तर मत बाद. ज्यांनी आमदार निवडला त्यांना दाखवायची सोय कायद्यात नाही. तेव्हा आमदार गावात आले की रस्त्या-पाण्याबरोबर एवढंही विचारा: पहिली पसंती कोणाला दिलीत, आणि का?