नवी फटफटी कीं जुनी?

दुर्गाडीच्या बुरुजावरून खाडीपलीकडे पाहिलें म्हणजे समोर दिसतें तें कोन गांव. इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी हीं ठाणीं घेतलीं आणि मराठी आरमाराचा पाया ह्याच खाडींत घातला गेला, म्हणून इतिहासाच्या वाचकांस हा परिसर अपरिचित नाहीं. आज मात्र कोनचें सारें जीवित कल्याण-भिवंडी रस्त्याला बांधलेलें आहे. एका टोकाला कल्याणचें रेल्वे-स्थानक, दुसऱ्या टोकाला भिवंडीचे यंत्रमाग, वाटेंत राजणोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग, आणि सभोवार गोदामेंच गोदामें. अशा ठिकाणीं दुचाकी ही चैन नसून पायांतील वहाणेइतकी गरजेची वस्तु आहे. परंतु बसक्या खोगिराची, लांबट बांध्याची, पाय पुढें पसरून बसावयाची जी क्रूझर म्हणून फटफटी आहे, तिची गोष्ट वेगळी. कामाला साधी गाडी पुरते. क्रूझर घ्यावयाची ती हौसेनें. आणि हौस एकदां डोळ्यांत दिसली कीं गिऱ्हाइकाची शेंडी विकणाऱ्याच्या हातीं गेलीच म्हणून समजावें. ही गाडी नवी घ्यावी कीं कोणी वापरलेली, ह्यावर हल्लीं घरोघर खल होतो. त्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो जाणणाराला सौद्यांत थोडें बळ येतें, असें आम्हांस वाटतें.

वाहन पारखून घेण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद मराठी लष्करांत मानाचाही होता व पैशाचाही. कारण शिलेदाराचें भांडवल त्याच्या मांडीखालीं असे. घोड्याचें वय दांतांवरून ओळखीत. गुरांच्या बाजारांत दलाल उपरण्याखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत, म्हणजे भोंवतालच्या बघ्यांस आंकडा कळत नसे. मुरबाडजवळच्या म्हसोबाच्या जत्रेंत बैल घेणारा शेतकरी खूर, दांत आणि चाल पाहिल्यावांचून पैसे काढीत नाहीं. पण घोडा असो वा बैल, ‘नवा’ असा तेथें प्रकारच नव्हता. जनावर तरुण किंवा म्हातारें एवढेंच. नव्या-जुन्याचा वाद कारखान्यानें निर्माण केला.

आणि कारखान्यानें तो निर्माण केला तोही आपल्याकडे उलटा! यंत्र वापरलें कीं झिजतें व झिजलें कीं स्वस्त होतें, हें साऱ्या जगाचें गणित. परंतु पुण्याजवळ आकुर्डीस बजाज ऑटो कंपनीनें इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्यानें स्कूटरी बनविण्यास आरंभ केला, त्या काळांत किती गाड्या बनवावयाच्या हें सरकारी परवान्यानें ठरे, आणि विक्री व वांटपही सरकारी नियंत्रणाखालीं असे. सहकार्याचा करार १९७१ मध्यें संपला व १९७२ मध्यें ‘चेतक’ निघाली. राणा प्रतापाच्या घोड्याचें तें नांव; पण घोडा धांवणारा आणि गिऱ्हाईक थांबणारें. नांव नोंदवून दहा-दहा वर्षें वाट पाहणारीं कुटुंबें तेव्हां होतीं. १९७५ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यांतून ‘प्रिया’ बाहेर पडूं लागली, तरी रांग आटोपली नाहीं. परकीय चलनांत किंमत भरणारास मात्र थांबावें लागत नसे! परिणाम असा झाला कीं, आज हातीं येणारी जुनी स्कूटर, उद्यां कधीं तरी मिळणाऱ्या नव्या स्कूटरीहून महाग विकली जाऊं लागली. ह्या वरकड रकमेला लोक ‘प्रीमियम’ म्हणत. लग्नाच्या याद्यांत स्कूटर आली ती ह्याच दिवसांत, आणि वरपक्षाला ती वापरलेली असली तरी चाले, ही गोष्ट त्या काळाविषयीं पुष्कळ सांगून जाते. तेव्हां जुन्या गाडीची किंमत झिजेवरून ठरते हा समज अर्धाच खरा. ती नव्या गाडीसाठीं किती थांबावें लागतें ह्यावरूनही ठरते.

१९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याच्या १०० सी. सी. च्या मोटारसायकली आल्या, १९९१ नंतर परवान्यांचें राज्य ओसरलें, आणि रांग विरली. मगच हौसेला जागा मिळाली. २००१ मध्यें बजाज कंपनीनें कावासाकीच्या नांवासह १७५ सी. सी. ची ‘एलिमिनेटर’ विकावयास काढली. क्रूझर म्हणून हिंदुस्थानांत कारखान्यांतून निघालेली ही आरंभीची गाडी. ती महाग असल्यानें फारशी खपली नाहीं. २००५ मध्यें तोच बांधा ठेवून, आंत ‘पल्सर’चें इंजिन बसवून, ‘अ‍ॅव्हेंजर’ पुष्कळ कमी किंमतींत आली. एलिमिनेटर नवी घेतलेल्यांना आपली गाडी विकतांना काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

रांगेचा नियम पुढें आणखी एकदां प्रत्ययास आला. मद्रासेस १९५५ पासून बनत आलेली एन्फील्डची बुलेट २०१० नंतर एकाएकीं तरुणांच्या मनांत भरली; कांहीं महिने थांबल्याशिवाय नवी गाडी मिळेना, आणि जुन्या बुलेटीही जवळ जवळ नवीच्या भावानें जाऊं लागल्या. २०१३ मध्यें ओरगडमचा कारखाना सुरू झाला, उत्पन्न वाढलें, आणि तो भाव उतरला. गाड्या त्याच होत्या. थांबण्याचा काळ तेवढा कमी झाला.

हल्लीं रांगेची जागा कराच्या फेरबदलानें घेतली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी. सी. पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला. त्याहून मोठ्या गाड्यांवर तो अधिभारासह ३१ होता, तो ४० झाला. कर धरून दोन लाखांस असलेली ३५० च्या आंतील क्रूझर केवळ हिशेबानें १,८४,३७५ रुपयांवर येते. आतां त्याच जातीची दीड वर्ष वापरलेली गाडी घ्या. विम्याच्या कोष्टकाप्रमाणें एका वर्षाहून अधिक पण दोहोंहून कमी वयाच्या वाहनाची किंमत शेंकडा २० नें उतरते. विकणारा आपण दिलेले दोन लाख धरून १,६०,००० मागेल. घेणारानें आजची नवी किंमत धरून १,४७,५०० पासून बोलणें सुरू करावें. ही साडेबारा हजारांची तफावत झिजेची नव्हे, कायद्याची आहे, आणि ती विकणारानेंच सोसावयाची. उलट ६५० सी. सी. ची जुनी गाडी विकणारा ताठ बसेल, व त्याचें ताठ बसणें योग्यच आहे. विम्याचें कोष्टक साऱ्या गाड्यांना एकच माप लावतें आणि बाजार तसें लावीत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

नव्या गाडीच्या दुकानांत कारखान्याच्या किंमतीवर घासाघीस करणें बहुधा व्यर्थ असतें. तेथें सौद्याला जागा असते ती खालच्या ओळींत: विमा दुकानांतलाच घेण्याचा आग्रह, न मागितलेलें जोडसामान, आणि ‘हँडलिंग’ म्हणून लावलेली रक्कम, जी कोणतीही सरकारी फी नव्हे. जुन्या गाडीस एक मोठा फायदा असा कीं, महाराष्ट्रांत दुचाकीचा रस्ता-कर नोंदणीच्या वेळींच एकरकमी भरलेला असतो. तो पहिल्या मालकानें भरला, दुसऱ्यास राज्यांतल्या राज्यांत पुन्हां भरावा लागत नाहीं.

पाहावयाचें काय, तर दांतांऐवजीं टायर. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. इंजिन थंड असतां सुरू करून पाहावें. विकणारानें आधींच तापवून ठेवलें असल्यास कारण विचारावें. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. खाडीकांठच्या ह्या मुलखांत पुराच्या पाण्यांत उभी राहिलेली गाडी विकावयास येणें अगदीं संभवनीय, म्हणून दिव्याच्या कांचेआंतील ओल आणि तारांच्या जोडांवरील गंज पाहावा. सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडून घ्यावा. हें पांच मिनिटांचें काम लाजेखातर टाळणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

सर्वांत मोठा गोंधळ कागदांचा. नमुना २९ व ३० भरून नांव बदलावें लागतें. गाडीवर कर्ज असेल तर फेडीचा नमुना ३५ हवा. विकणारास वाटतें पैसे मिळाले, काम झालें. पण २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यांत असें ठरविलें कीं, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नांव असेल त्या मालकाचीच. ह्या निकालानें सौद्यांत घेणाराच्या हातीं एक नवें साधन आलें आहे, कारण नांव लवकर बदलावें ही गरज आतां विकणाराचीही झाली. म्हणून किंमतींतले चार-पांच हजार नांव बदलेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी, ती लेखी करावी, आणि गाडी त्यानंतरच कोनच्या पुलावरून घरीं आणावी.