पेशी आणि पडदा

मूळपेशींचा इतिहास बहुधा पेशींच्या पराक्रमाचा म्हणून लिहिला जातो. ज्या पडद्यावर त्या वाढल्या त्याची नोंद फार तर तळटीपेत होते. आम्हांस ही वाटणी अन्यायाची वाटते.

१९७५ साली राइनवाल्ड व ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या, त्याही किरणोत्साराने वाढ खुंटविलेल्या उंदराच्या पेशींच्या थरावर. १९८३मध्ये सुमारे ९५ टक्के भाजलेल्या दोन लहान भावांना बॉस्टनमध्ये अशा पापुद्र्यांनी तारले. परंतु पापुद्रा म्हणजे निव्वळ वरची साल; खाली अंतस्त्वचा नसल्याने ती नाजूकच राही. या उणिवेचे उत्तर त्याच शहरात बर्क आणि यानास यांनी १९८१ सालीच मांडले होते: गाईच्या कातड्यातील कोलॅजेन व शार्कच्या कूर्चेतील शर्करायुक्त रेणू यांची सच्छिद्र जाळी, वर सिलिकोनचा पातळ पडदा. रुग्णाच्या पेशी जाळीत शिरतात, स्वतःचे ऊतक विणतात, आणि जाळी हळूहळू विरून जाते. भाषांतरकारांनी हेवा करावा असे हे विरणे! शरीर ‘स्व’ म्हणून जे स्वीकारते त्यात गाय आणि शार्क यांचा एवढा वाटा असावा, याचा विचार शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी जरूर करावा.

२०१७ साली मिकेले डे लुका व सहकाऱ्यांनी, जनुकदुरुस्ती केलेल्या पेशींपासून जर्मनीतील एका मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा नव्याने घडविल्याचे प्रसिद्ध केले. काही पापुद्रे फायब्रिनवर, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनावर, वाढविलेले होते. ती सारी त्वचा मोजक्या दीर्घायुषी मूळपेशींवर तगते, असे आढळले. घर्मग्रंथी मात्र अशा पापुद्र्यांतून उगवत नाहीत.