विजेने फेस कसा मोडतात?
साबणाचा फेस घरात हवाहवासा वाटतो. कारखान्यात तोच मोठा उपद्रव ठरतो. पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके बनवताना किण्वनपात्रात सतत निर्जंतुक हवा सोडावी लागते. द्रवातील प्रथिनांमुळे हवेच्या बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रे तयार होतात आणि फेस वर चढतो. तो हवा बाहेर सोडणाऱ्या गाळणीपर्यंत पोहोचला की गाळणी भिजून तुंबते. भिजलेल्या गाळणीतून बाहेरचे जंतू आत शिरले, तर पात्रातील सगळा माल फेकून द्यावा लागतो.

यावर रूढ उपाय फेसनाशक तेलांचा. मळी आंबवणाऱ्या आसवन्यांमध्ये एरंडेलापासून बनवलेले 'टर्की रेड ऑइल' वापरतात. मात्र अशा तेलांमुळे द्रवात ऑक्सिजन विरघळण्याचा वेग मंदावतो, शिवाय पुढे शुद्धीकरणात ती वेगळी काढावी लागतात. काहीही न मिसळता फेस मोडावा, यासाठी विजेचा विचार झाला.

दोन बुडबुड्यांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो. त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरील फेसकारक रेणूंचे थर बहुधा समान विद्युतभाराचे असल्याने परस्परांना दूर सारतात, म्हणून पडदा टिकतो. फेसात दोन विद्युतअग्रे ठेवून विद्युतदाब दिला की पडद्यातील आयन सरकतात व आपल्यासोबत पाणीही ओढतात. प्रवाहाच्या उष्णतेने पाण्याची विष्यंदिता घटून पडदा लवकर निथळतो. पातळ झालेल्या पडद्याच्या आरपार पुरेसा दाब पडला, तर तो फाटतो.

गोम पुढेच आहे. फेस निथळून कोरडा झाला की त्यातून वीज नीट वाहत नाही. म्हणजे सर्वांत हट्टी फेसावरच उपाय लंगडा पडतो. एकदिश प्रवाहाने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. जिथे मद्यार्काची वाफ असते, तिथे एक ठिणगीही आगीला पुरते.

खनिज तेलात मिसळलेले पाण्याचे थेंब वेगळे करण्यात मात्र वीज यशस्वी ठरली. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांना या पद्धतीची पेटंटे १९११ मध्ये मिळाली. तेल विजेचे दुर्वाहक असल्याने तिथे तीव्र विद्युतक्षेत्र टिकून राहते आणि थेंब एकमेकांत मिसळून खाली बसतात. फेसात बाहेरचे माध्यमच वीजवाहक पाणी असते, त्यामुळे ही सोय नाही.

फेसाच्या बाबतीत विजेचे रुळलेले काम पहारेकऱ्याचे आहे. द्रवाच्या वर एक विद्युतअग्र बसवलेले असते. फेस त्याला टेकताच मंडल पूर्ण होते, पंप सुरू होतो आणि फेसनाशकाची मोजकी मात्रा पात्रात पडते.