अवधानन्यूनतेवरील औषधे : बालकांतील दुष्परिणाम व त्यांचे व्यवस्थापन

अवधानन्यूनता व अतिचंचलता विकारावर (एडीएचडी) मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांचे भूक, वाढ, झोप, हृदयगती व मनःस्थिती यांवर होणारे अनिष्ट परिणाम आणि ते आटोक्यात ठेवण्याच्या रीती. औषधांचे दोन वर्ग आहेत : उत्तेजके (मिथाइलफेनिडेट व ॲम्फेटामीन गट) आणि उत्तेजकेतर (ॲटोमॉक्सेटीन, क्लोनिडीन, ग्वानफॅसीन). भारतात उत्तेजकांपैकी मुख्यतः मिथाइलफेनिडेटच वापरले जात असल्याने प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार अधिक केला आहे.

इतिहास : १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या बालरुग्णालयातील मुलांना बेंझेड्रीन हे ॲम्फेटामीन गटातील औषध दिले. मेंदूची क्ष-किरण तपासणी करताना पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागे व त्यानंतर मुलांचे डोके दुखे. त्यावर हा उपाय होता. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, अभ्यास मात्र सुधारला. मुलांनी या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी तयार केले. ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या नावावरून, मार्गेरिट ऊर्फ रिटा यांच्यावरून पडले.

भूक : सर्वांत जास्त आढळणारा दुष्परिणाम. पालकांची तक्रार ‘मूल काहीच खात नाही’ अशी असते. नीट विचारले तर ते दुपारी खात नाही असे निघते. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तास, दीर्घ परिणामाच्या गोळीचा आठ ते बारा तास टिकतो. तेवढ्या वेळात भूक मरते व डबा भरलेला परत येतो. म्हणून उपाय घड्याळ पाहून करायचा असतो. गोळी न्याहारीआधी न देता न्याहारीबरोबर किंवा नंतर द्यावी; न्याहारी भरपेट असावी. दुपारच्या डब्यासाठी जबरदस्ती करू नये. अंमल उतरल्यावर, संध्याकाळी उशिरा वा रात्री, मूल आपणहून खायला मागते. तेव्हा तूप-पोळी, शेंगदाण्याचा लाडू, सायीचे दूध, अंडे असे थोडक्यात जास्त उष्मांक देणारे पदार्थ द्यावेत. भूकवाढीची औषधे (उदा., सायप्रोहेप्टाडीन) काही डॉक्टर देतात, पण एका औषधाचा परिणाम झाकायला दुसरे औषध हा शेवटचा मार्ग होय.

वाढ : या विषयावर जुनी व विपुल सामग्री उपलब्ध आहे. १९७२ मध्ये डॅनिएल सेफर व सहकाऱ्यांनी उत्तेजके घेणाऱ्या मुलांची वाढ मंदावते असे प्रथम दाखवले. उन्हाळ्याच्या सुटीत औषध थांबवलेल्यांची वाढ पुन्हा वेग घेते, असेही त्यांना आढळले. ‘औषध-सुटी’ची कल्पना येथूनच रूढ झाली. उत्तर अमेरिकेतील ५७९ मुलांच्या एमटीए या उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात तीन वर्षांच्या अखेरीस, नव्याने औषध सुरू करून ते चालू ठेवलेली मुले औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २ सेंमी. उंचीने व २.७ किग्रॅ. वजनाने मागे होती. प्रौढपणी हा फरक उरतो का, याविषयी एकमत नाही : एमटीएच्या २०१७ मधील पाठपुराव्यात सातत्याने औषध घेतलेल्यांची उंची कमी भरली, तर मिनेसोटातील रॉचेस्टर येथील जन्मगटाच्या २०१४ मधील अभ्यासात तसे आढळले नाही.

ब्रिटनमधील नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी व सर्व मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजावी. आकडे केसपेपरवर नुसते लिहून ठेवून भागत नाही. ते वाढीच्या तक्त्यावर मांडले तरच रेषा खाली वळलेली दिसते. भारतात यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते (५ ते १८ वर्षे) वापरता येतात. घसरण दिसल्यास मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा मे महिन्याच्या सुटीत डॉक्टरांच्या सल्ल्याने खंड घेणे हे पर्याय आहेत. सुटीतही ज्याला औषधाविना घरात किंवा रस्त्यावर इजा होण्याचा धोका आहे, त्याच्यासाठी खंडाचा पर्याय नाही.

झोप : शेवटची मात्रा दुपारनंतर देऊ नये. काही मुलांना औषधाआधीपासूनच झोप उशिरा लागत असते; तशी नोंद आधी केलेली नसल्यास दोष गोळीवर जातो.

हृदय : सुरुवातीपूर्वी कुटुंबात अकाली अचानक मृत्यू, मुलाला श्रमानंतर भोवळ, जन्मजात हृदयदोष यांविषयी विचारावे, प्रत्येक मात्राबदलापूर्वी व नंतर नाडी व रक्तदाब मोजावा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२ लाख मुले व तरुणांच्या अमेरिकी अभ्यासात गंभीर हृदयविकारांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

आचके (टिक) : उत्तेजकांनी आचके वाढतात असा समज जुना आहे. २००२ च्या १३६ मुलांवरील तुलनात्मक चाचणीत ते वाढल्याचे प्रमाण मिथाइलफेनिडेट व निष्क्रिय गोळी यांच्या गटांत जवळजवळ सारखेच होते.

मनःस्थिती : संध्याकाळची चिडचिड बहुधा अंमल उतरतानाची असते, दिवसभर मूल गप्प व निर्विकार दिसत असेल तर मात्रा जास्त आहे असे समजावे.

उत्तेजकेतर औषधे : ॲटोमॉक्सेटीनमुळे मळमळ व पेंग येते, ते जेवणाबरोबर, दोन भागांत किंवा संध्याकाळी दिल्यास त्रास कमी होतो. कॅप्सूल उघडून देऊ नये, भुकटी डोळ्यांना झोंबते. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा आत्महत्येचे विचार बोलून दाखवणे ही तातडीने डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे होत.

भारतातील उपलब्धता : मिथाइलफेनिडेट हे औषध नियमावलीच्या अनुसूची एक्समध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो आणि विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो. सर्व दुकानांत ते मिळत नाही, त्यामुळे मात्रा चुकतात. मिथाइलफेनिडेटचा एखादा दिवस चुकल्यास लक्षणे परततात, एवढेच. क्लोनिडीन मात्र अचानक थांबल्यास रक्तदाब एकदम चढू शकतो. म्हणून उलट्यांमुळे क्लोनिडीनची गोळी पोटात टिकत नसेल तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.