हाकेस धावणारे पथक

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. पण अशा गावी रात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर इस्पितळ किती मोठे यापेक्षा मदत किती लवकर येते, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. या मदतीचा इतिहास पाहता आम्हांस वाटते की, ती पुढे जावयाची तर मानमरातबाने मागे सरले पाहिजे.

फ्रेंच शस्त्रवैद्य लारे याने 1792 च्या सुमारास रणांगणावर धावत्या रुग्णगाड्या आणल्या. जखमींचा क्रम तो हुद्द्याने नव्हे, जखमेवरून लावी. 1990 साली सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात याच वृत्तीने नवा नियम झाला: नाडी वा श्वास ठरलेल्या मर्यादेबाहेर जाताच साध्या परिचारिकेनेही हाक द्यावी, आणि हृदय थांबण्यापूर्वीच तज्ज्ञ पथकाने खाटेपाशी यावे. पुढे ऑस्ट्रेलियातील 23 रुग्णालयांत या पद्धतीची परीक्षा झाली. 2005 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. लक्षणे उमटूनही पुष्कळदा हाकच गेली नव्हती!

महाराष्ट्रात 2014 साली 108 क्रमांकाची सेवा 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. गाडीसोबत डॉक्टर, आणि हाक देण्यास कोणासही मोकळीक. पथके उभारणे हे सरकारचे काम खरे. पण ‘उजाडू द्या, मग वडीलधाऱ्यांस विचारू’ हा संकोच सोडणे आपलेच काम होय. घरातील धाकट्या सुनेसही हाक देण्याचा अधिकार नसेल, तर पथक दाराशी यावे कसे?