अर्भकाच्या श्रवणाची साक्ष

ज्या अर्भकाला अद्याप वाचा फुटलेली नाही, त्याला ऐकू येते की नाही याचा निवाडा कोणत्या पुराव्यावर करावा, हा प्रश्न वैद्यकापुढे दीर्घकाळ अनिर्णित होता. १९४४ च्या सुमारास मँचेस्टरच्या आयरीन व अलेक्झांडर युइंग या दांपत्याने मांडलेल्या परीक्षेत मूल आईच्या मांडीवर बसे, एक परीक्षक समोरून त्याचे लक्ष गुंतवी, दुसरा पाठीमागून खुळखुळ्यासारखा आवाज करी, आणि मूल वळून पाही तर त्याचे श्रवण शाबीत होई. परंतु बसून आवाजाकडे वळण्याचे सामर्थ्य येण्यास सहा-सात महिने लागतात, आणि चाणाक्ष नजरेचे बहिरे मूल नुसत्या सावलीच्या चाहुलीनेही वळते; म्हणून परीक्षक कितीही निष्णात असला, तरी विलंब आणि संशय यांतून सुटका नव्हती.

सुटकेचा मार्ग मेंदूच्या अभ्यासातून निघाला. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या, आणि १९३९ साली पॉलिन डेव्हिस यांनी जागृत माणसाच्या आलेखात ध्वनीमुळे पडणारा फरक नोंदवला. तथापि ध्वनीला मिळणारा प्रतिसाद इतका क्षीण असतो, की मेंदूच्या अखंड चाललेल्या विद्युत्-व्यवहारात तो लोपून जातो. १९५१ साली लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी, नसांना दिलेल्या उद्दीपनाच्या संदर्भात, यावर उपाय दाखवला: तेच उद्दीपन पुनःपुन्हा देऊन सर्व नोंदींची बेरीज करावी, म्हणजे स्वैर लहरी परस्परांना छेदतात आणि ठरल्या क्षणी येणारा प्रतिसाद तेवढा साठत जातो.

याच युक्तीच्या बळावर जुएट व विलिस्टन यांनी १९७१ साली ध्वनीनंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत मस्तिष्कस्तंभाच्या मार्गावरून उठणाऱ्या लहरींची मालिका तपशिलाने वर्णिली, आणि १९७४ साली हेकॉक्स व गॅलॅम्बॉस यांनी ती अर्भकांत तपासली. पाचवी लहर तान्ह्या मुलात प्रौढाहून उशिरा येते व मज्जामार्ग पक्व होईल तसतशी लवकर येऊ लागते, म्हणून वयानुरूप प्रमाणे बांधावी लागली. आणि हा प्रतिसाद झोपेतही कायम राहतो, म्हणून निजलेल्या बाळाच्या कपाळावर व कानांमागे विद्युदग्रे लावून, हजारो टिचक्यांसारखे नाद ऐकवून निर्णय करता येऊ लागला. आपल्याकडील रुग्णालयांत ‘बेरा’ म्हणून परिचित असलेली तपासणी ती हीच.

या लहरी ध्वनी मस्तिष्कस्तंभापर्यंत पोहोचल्याची ग्वाही देतात. तो उमगल्याची नव्हे. पण भाषेची पायाभरणी ज्या पहिल्या वर्षात होते, त्यातले अमूल्य महिने त्यांनी वाचवले. आणि श्रवणयंत्र, शिक्षण वा खूणभाषा यांची तजवीज त्वरित करून ते महिने सार्थकी लावणे, हे त्या मुलाप्रती समाजाचे कर्तव्य आहे.