नाकाची साक्ष आणि आकड्यांची साक्ष



हवा, पाणी आणि माती यांच्या रक्षणाचा विषय निघाला, की सभा लवकर तापते. तापावी, त्यात आम्हांस वावगे वाटत नाही. आमचे निम्मे आयुष्य सभा तापविण्यातच गेले आहे. परंतु संताप कितीही खरा असला, तरी त्यातून रोगाचे कारण सापडतेच असे नाही. याचा दाखला म्हणून एकोणिसाव्या शतकातील लंडनची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८४२ साली एडविन चॅडविक यांनी ब्रिटनमधील कष्टकऱ्यांच्या आरोग्याविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. मँचेस्टरात सुखवस्तू कुटुंबांतील मृत्यूचे सरासरी वय ३८, तर मजूर-कारागिरांच्या कुटुंबांत अवघे १७, असे त्यात नोंदविले होते. अशा माणसाची तळमळ खोटी कशी म्हणावी? पण रोग दुर्गंधीतून होतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती त्या काळच्या बहुतेक जाणत्यांचीही होती. मग उपाय सरळच होता : घरांखालचे मैल्याचे खड्डे बंद करा, मोऱ्या गटारांना जोडा, गटारे धुऊन काढा. १८४८-४९ मध्ये हे काम झपाट्याने झाले. ही सारी घाण गेली कोठे? थेम्स नदीत. आणि लंडनच्या कित्येक वस्त्या पाणी पीत होत्या तेही थेम्सचेच! त्या साथीत लंडनमध्ये पटकीने सुमारे १४,००० माणसे दगावली. हे सगळेच बळी गटारे धुतल्याचे नव्हेत; पण नाकाला सुख देताना पोटात विष जात होते, हे खरे.

ही चूक दाखविली जॉन स्नो या डॉक्टरने. हा यॉर्कमधल्या एका मजुराचा मुलगा. उमेदवारीच्या वयातच त्याने कोळशाच्या खाणीतील पटकीचे रोगी पाहिले होते. खाणीत संडास नाही, हात धुण्यास पाणी नाही, आणि भाकरी तेथेच खावयाची. रोग नाकावाटे नव्हे, तोंडावाटे शिरतो, असे त्याने १८४९ साली मांडले. फारसे कोणी ऐकले नाही.

१८५४ साली पुन्हा साथ आली. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून जात. हवा तीच, गल्ली तीच, शेजारीही तेच. फरक एवढाच, की लँबेथ कंपनी १८५२ पासून नदीच्या वरच्या, स्वच्छ अंगाचे पाणी घेई. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या गटारांनी नासलेले पाणी उचली. स्नो मृतांच्या घरोघर हिंडला. कित्येक भाडेकरूंना कंपनीचे नाव ठाऊक नव्हते. तेथे त्याने पाण्यातील मिठाचा अंश तपासून कंपनी ओळखली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, तर दुसरीकडे ३७.

आता आम्हां संघटनावाल्यांना अडचणीची गोष्ट सांगतो. १८५५ साली हाच स्नो पार्लमेंटच्या समितीपुढे हाडे उकळणाऱ्या व तत्सम कारखानदारांच्या बाजूने साक्ष देण्यास उभा राहिला. या धंद्यांच्या दुर्गंधीने साथी पसरत नाहीत, असे त्याने सांगितले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने त्याला झोडपून काढले. आम्ही तेथे असतो, तर आम्हीही त्याला ‘मालकांचा माणूस’ म्हटले असते. तो कोणाच्या सोयीचे बोलतो, हे आम्ही आधी पाहिले असते. मोजले कसे, हे विचारलेच नसते. पटकीपुरते त्याचे म्हणणे बरोबर होते. मात्र त्यावरून कारखानदारास वाटेल तशी हवा नासवण्याचा परवाना मिळत नाही. पुरावा विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देतो.

हा दोष आमच्याही पदरी आहे. एका रंगाच्या कारखान्यातील कामगारांचा खोकला धुराड्यामुळे आहे, असे आम्ही ठरवून टाकले आणि मोर्चे काढले. धुराडे उंच झाले, गुलाल उधळला गेला. खोकला तसाच राहिला. पुढे हजेरीवरच्या एका सहकाऱ्याने खातेवार आजारपण लिहून काढले, तेव्हा कळले की, बहुतेक रोगी रंगाची भुकटी तोलण्याच्या खोलीतले होते. तोवर दोन पावसाळे गेले होते. ती दोन वर्षे आमच्या घोषणांची किंमत होती, आणि ती भरली त्या खोलीतल्या माणसांनी.

स्नो १८५८ साली वारला. १८६६ च्या साथीत, पूर्वी हवेला दोष देणाऱ्या विल्यम फार यांनी पूर्व लंडनच्या मृत्यूंचा माग काढून पाण्याकडेच बोट दाखविले. मत बदलण्याचा हा मोठेपणा आम्हांस स्नोच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

तेव्हा आपल्या गावच्या नदीसाठी मोर्चा जरूर काढू. आम्ही पुढे चालू. पण त्याआधी एक वही घालू या. कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेस, कोण आजारी पडले आणि ते कोठले पाणी पीत होते, एवढे तीत लिहू. आणि वहीतला हिशेब आपल्या घोषणेविरुद्ध गेला, तर घोषणा बदलू.